गाडीतला टीव्ही सारखा बंद पडतोय? नवा घ्यायच्या आधी एवढं तपासा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हॉर्न, हेडलाईट, सेल्फ ही रोजची कामं. पण गेल्या काही वर्षांत एक वेगळं गिऱ्हाईक यायला लागलंय. जुनी ट्रॅव्हलर नाहीतर इको घ्यायची, मागच्या सीटा काढायच्या, बेड आणि ओटा बसवायचा आणि सुट्टी लागली की कोकणात उतरायचं. ही मंडळी आली की काय म्हणणार हे मला आता पाठ झालंय. "दादा, टीव्ही मधेच बंद पडतोय."

अशा तक्रारीत खरोखर टीव्ही खराब निघाला, असं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालंय. बाकी सगळीकडे दोष वायरीत, पिनेत, अर्थिंगमध्ये (म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्हमध्ये) किंवा स्टँडमध्ये सापडला. तरी लोक पहिल्यांदा टीव्हीच बदलतात. गडहिंग्लजकडच्या एका गिऱ्हाइकानं दोन वर्षांत तीन टीव्ही बदलले. तिसराही तसाच वागायला लागला तेव्हा गाडी माझ्याकडे आणली. अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता. पत्रा खरवडला, वॉशर बदलला, बोल्ट पुन्हा आवळला. दहा मिनिटांचं काम. पैसे सांगताना मलाच कसंतरी वाटलं.

लक्षण नीट बघा, त्यातच निम्मं उत्तर असतं

"बंद पडतो" एवढ्यावर काही कळत नाही. कधी बंद पडतो, ते सांगा.

- सेल्फ मारला की बंद, गाडी चालू झाली की परत चालू: सेल्फ ओढताना बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर ९–१० व्होल्टपर्यंत खाली येतो. हा बिघाड नाही. त्या क्षणी टीव्ही बंद ठेवा, झालं.
- ठरावीक वेळानं बंद, खड्ड्याचा संबंध नाही: टीव्हीच्या सेटिंगमध्ये बघा.
- खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर किंवा स्टँड फिरवला की बंद: कुठंतरी पिन नाहीतर जोड ढिला आहे.
- फ्रीज, पंखा किंवा मोटर चालू झाली की बंद: वायर बारीक आहे किंवा बॅटरी दमलेली आहे.
- लाल दिवा लुकलुकतो, टीव्ही चालू व्हायला जातो आणि परत बसतो: पोचणारा व्होल्टेज कमी आहे.
- टीव्ही चालू, पण चित्र नाही: ही सिग्नलची किंवा केबलची भानगड, वीज बरोबर आहे.
- गाडी चालू असतानाच बंद पडतो, उभी असताना नाही: हे लक्षण जरा गंभीर घ्या. चार्जिंगचा व्होल्टेज मोजल्याशिवाय टीव्ही पुन्हा जोडू नका.

एक वही ठेवा. कधी बंद पडला, तेव्हा काय काय चालू होतं, एवढंच लिहा. तीन नोंदी झाल्या की बहुतेक वेळा माझ्याकडे यायची गरजच उरत नाही.

पहिली तपासणी फुकटची

टीव्ही काढून घरात नेऊन लावा. त्याच अॅडॉप्टरवर, दोन-तीन तास. घरात नीट चालला तर टीव्ही निर्दोष, आणि पुढचा सगळा शोध गाडीत घ्यायचा. घरातही बंद पडला तर दुसरा तेवढ्याच व्होल्टचा अॅडॉप्टर लावून बघा. अॅडॉप्टर टीव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त असतो आणि आधी तोच जातो.

घरात लावल्यावर सेटिंगही बघून घ्या. बऱ्याच टीव्हींमध्ये वीज वाचवायची सोय असते. सिग्नल नसेल तर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि रिमोटला हात लागला नाही तर काही तासांनी, टीव्ही आपला आपणच बंद होतो. स्लीप टायमर कुणा पोरानं लावून ठेवलेला असतो तो वेगळाच. मी एकदा या भानगडीत अख्खी दुपार घालवलीय. वायरिंग उलटंपालटं केलं, फ्यूज बदलला, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं रिमोटवरनं टायमर बंद करून दाखवला. त्या दिवसापासून मी रिमोट आधी हातात घेतो.

पिन हलवून बघा

टीव्ही चालू ठेवा आणि मागची डीसी पिन बोटानं हळूच हलवा. मग एचडीएमआयची केबल. मग अॅडॉप्टरची, मग सॉकेटची. एका वेळी एकच. जिथं टीव्ही लुकलुकतो तिथं दोष. घरातला टीव्ही भिंतीवर एकदा बसला की वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, म्हणून त्या पिनेला कसलं कुलूप नसतं. गाडीत तीच पिन दिवसभर थरथरते.

आता एक गोष्ट, जी दुकानदारही सांगत नाहीत. या गोल डीसी पिना बाहेरून सारख्याच दिसतात. बाहेरची जाडी ५.५ मिलिमीटर. पण आतलं भोक कुठं २.१ मिलिमीटरचं असतं, कुठं २.५ चं. टीव्हीतली मधली काडी २.१ ची आणि तुम्ही लावलेली पिन २.५ ची असेल तर ती आत जाते, टीव्ही चालूही होतो, फक्त धरून ठेवत नाही. घरी टेबलावर महिनाभर काही कळणार नाही. गाडीत कळे गावापर्यंत जायच्या आत कळतं. दुकानातून पिन आणताना जुनी पिन सोबत न्या आणि घट्ट बसते का ते तिथंच बघा. तीस-चाळीस रुपयांच्या पिनेपायी लोकांनी टीव्ही विकलेत.

पिन बरोबर असेल तर वायरीला टीव्हीच्या मागच्या बाजूला, पिनेपासून चार बोटांवर, केबल टायनं बांधा. मधे वायर थोडी सैल सोडा. म्हणजे ओढ पिनेवर येत नाही, टायवर येते. एचडीएमआयलाही तेच.

आणि कृपा करून टीव्ही लायटरच्या सॉकेटवर चालवू नका. तो सॉकेट सिगारेट पेटवायला बनवलाय. आतल्या स्प्रिंगवर सगळा जोड टिकून असतो. मोबाईल चार्जरला तो पुरतो, कारण मोबाईलमध्ये स्वतःची बॅटरी असते. एक सेकंद वीज गेली तर त्याला कळतही नाही. टीव्हीला कळतं.

मीटर घ्या, पण बीपवर विश्वास ठेवू नका

साधा डिजिटल मल्टीमीटर चार-पाचशे रुपयांत येतो. ज्याला गाडी घेऊन रानात झोपायचंय त्याच्याकडे तो पाहिजेच.

पहिलं माप बॅटरीवर घ्यायचं. गाडी बंद करून तास-दोन तास झालेले असावेत. साध्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर टीव्ही विसरा, सकाळी सेल्फ लागेल का ते बघा. गाडी चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. १३.२ च्या वर जातच नसेल तर चार्जिंगची बाजू तपासायला लागेल. १५ च्या वर जात असेल तर तिथंच थांबा. त्याबद्दल खाली लिहिलंय. काही बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) संगणकाच्या हुकमावर चालतो, त्यामुळं आकडा वर-खाली होत राहतो. तो दोष नाही, पण अशा गाडीत टीव्हीला थेट बॅटरीची वीज देणं चुकीचं.

दुसरं माप टीव्हीच्या पिनेजवळ घ्यायचं, आणि टीव्ही चालू असताना. इथं निम्मे लोक चुकतात. टीव्ही काढून ठेवतात, वायरीच्या टोकाला मीटर लावतात, १२.५ दिसतं आणि म्हणतात, "वीज तर येतीय." अहो, वीज ओढणारं कुणीच नसेल तर केसाएवढ्या एका तारेतूनही पूर्ण व्होल्टेज दिसतो. ओढ लागली की खरं रूप कळतं. मीटरच्या बीपचंही, म्हणजे वायर अखंड आहे असं सांगणाऱ्या आवाजाचंही, तसंच. सातातल्या सहा तारा तुटल्या तरी एका तारेवर मीटर बीप देतो.

टीव्ही चालू ठेवून बॅटरीवरचा आकडा आणि टीव्हीजवळचा आकडा यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधे कुठंतरी वीज खाल्ली जातेय. कुठं, ते शोधायची युक्ती सोपी आहे. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी टीव्हीकडच्या निगेटिव्हवर. टीव्ही चालू. मीटर ०.२ व्होल्टच्या आत दाखवत असेल तर अर्थिंग ठीक. अर्धा, एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगनं धोका दिलाय. मग पॉझिटिव्हच्या बाजूला तसंच करा: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूजच्या अलीकडे, मग फ्यूजच्या पलीकडे, मग स्विचच्या पलीकडे. जिथं आकडा एकदम उडी मारतो तिथं हात घाला.

माझ्याकडे याच्यासाठी हेडलाईटचा एक जुना ६० वॅटचा बल्ब आहे, दोन वायरी सोल्डर केलेला. टीव्ही काढायचा, त्या जागी बल्ब लावायचा. तो पाच अँपिअर ओढतो, म्हणजे टीव्हीपेक्षा जास्त. बल्ब पिवळट लागला तर वायरिंग खोटं. लखलखीत लागला तर वायरिंगला क्लीन चिट. दोन मिनिटं तापला की काच हात भाजते, तेवढं जपा.

अर्थिंग, अर्थिंग आणि फ्यूज

गाडीच्या बॉडीला अर्थ घेताना लोक जवळचा कुठलाही बोल्ट पकडतात. बोल्टवर रंग, खाली गंज, वर गाडी धुतल्याचं पाणी. आपल्याकडं पावसाळा चार महिने, आणि गगनबावड्याच्या बाजूला गाडी उभी केली तर पावसाची दमट हवा दारं लावली तरी आत शिरते. जोड दोन वर्षांत हिरवा पडतो. पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडायचा, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं) लावायची, स्प्रिंग वॉशर टाकायचा, आवळायचं आणि वरून थोडं ग्रीस फासायचं. त्याहून चांगलं म्हणजे टीव्हीची निगेटिव्ह वायर बॅटरीकडं वेगळी न्यायची, बॉडीवर भरवसाच नको.

थिंबल दाबायला क्रिम्पिंग पक्कड वापरा. साध्या पकडीनं चपटी केलेली थिंबल आणि पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड, हे दोन्ही सहा महिन्यांचे पाहुणे. टेपचा गोंद उन्हात वितळतो, मग टेप घसरतो आणि उघडी तार पत्र्याला लागते.

फ्यूज बॅटरीच्या जवळ पाहिजे, टीव्हीच्या जवळ नाही. कारण फ्यूज टीव्हीला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. बॅटरीपासून टीव्हीपर्यंतच्या पाच-सहा मीटरमध्ये वायर कुठंही दबली तर ती पेटायच्या आत फ्यूज उडायला हवा. एकट्या छोट्या टीव्हीला फिकट तपकिरी रंगाचा ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज पुरतो. त्याच वायरीवर सेट-टॉप बॉक्स असेल तर ७.५ चा. उडाला म्हणून पिवळा, २० अँपिअरचा घालणाऱ्यांना मी काम करून देत नाही.

वायर किती जाड?

हे मी मेव्हण्याच्या गाडीवर शिकलो, आणि फार वाईट वेळी शिकलो.

१८ डिसेंबर २०२२. अर्जेंटिना-फ्रान्स फायनल. कोल्हापूर हे तालमींचं आणि फुटबॉलचं गाव, त्या रात्री पेठांमध्ये मोठे पडदे लागलेले. पण मेव्हण्याला हौस पन्हाळ्यावर गाडी लावून बघायची. नवीकोरी कॅम्पर, २४ इंची टीव्ही, शेगडीवर तांबडा रस्सा, आम्ही सात जण. मॅच ३-३. जादा वेळ संपला. पेनल्टी सुरू होणार म्हणून एकानं थंडाची बाटली काढायला फ्रीज उघडला. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू झाला, आणि टीव्ही काळा. परत चालू केला, परत काळा. अर्जेंटिना ४-२ नं जिंकली हे आम्हाला खालच्या बाजूला उडालेल्या फटाक्यांवरनं कळलं. आणि माझा धंदा वायरिंगचा! आजही घरात जेवायला बसलं की हा विषय निघतो.

सकाळी बघितलं तर गाडी बांधणाऱ्यानं टीव्ही आणि फ्रीज एकाच पाऊण एमएमच्या (म्हणजे ०.७५ चौरस मिलिमीटरच्या) वायरीवर जोडलेले. आता हिशोब बघा. पाऊण एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०२६ ओहम. बॅटरी पुढं, टीव्ही मागं, सहा मीटर जायची आणि सहा मीटर यायची वायर, म्हणजे बारा मीटर. झाले ०.३१ ओहम. टीव्ही आणि बॉक्स मिळून साडेतीन अँपिअर ओढतात तेव्हा जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच जातो. त्यात फ्रीजचे चार-साडेचार अँपिअर मिळवा, तर अडीच व्होल्ट गेले. बॅटरी १२.२ वर असेल तर टीव्हीला ९.७ पोचतात. तो बंद पडणारच.

तेच अडीच एमएमची वायर टाकली तर टीव्ही-बॉक्सच्या वेळी नुकसान फक्त ०.३ व्होल्टचं. फरक पडतो दोन-तीनशे रुपयांचा. टीव्हीला अडीच एमएमची स्वतंत्र वायर, फ्रीजला त्याची स्वतःची जाड वायर आणि स्वतःचा फ्यूज. घराच्या फिटिंगची एकतारी कडक वायर वापरू नका, थरथरीत ती आतून तुटते. अनेक बारीक तारांची लवचिक वायर घ्या. ज्या ज्या ठिकाणी ती पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, घाला.

अॅडॉप्टर की इन्व्हर्टर?

टीव्हीच्या मागचं लेबल वाचा. तिथं १२ व्होल्ट डीसी लिहिलेलं असेल तर तुमचं नशीब चांगलं. तरीही वायर थेट बॅटरीला जोडू नका. गाडी चालू असताना तिथं १४.४ येतात, सेल्फ मारताना ९. काही टीव्ही सोसतात, काही नाही, आणि कुठला सोसेल हे लेबलवर लिहिलेलं नसतं. मधे एक १२ व्होल्टचा स्थिर वीज देणारा डीसी कन्व्हर्टर घाला, असा की जो कमी व्होल्टेज वरही नेतो आणि जास्त खालीही आणतो. ५ अँपिअरचा पुरतो. ज्या गाड्यांत मी हा घातलाय त्या परत आलेल्या नाहीत. आल्याच तर गप्पा मारायला.

लेबलवर १९ व्होल्ट असेल तर १२ चे १९ करणारा कन्व्हर्टर लागतो. कोणताही कन्व्हर्टर पहिल्यांदा लावताना आधी नुसताच चालू करून बाहेर किती व्होल्ट येतात ते मोजा. पिनेची मधली बाजू पॉझिटिव्ह आहे ना, तेही लेबलवरच्या चिन्हावरून बघा. उलट लावली तर एका सेकंदात टीव्ही खलास, आणि तो वॉरंटीत बसत नाही.

टीव्हीला थेट २३० व्होल्टची वायर असेल तरच इन्व्हर्टर. तोही प्युअर साईन वेव्हचा, म्हणजे घरच्यासारखी गुळगुळीत वीज देणारा. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर टीव्ही गुरगुरतो, चित्रात आडव्या रेघा येतात, पॉवर सप्लाय तापतो. इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ बसवा आणि लांबची वायर २३० च्या बाजूला ठेवा, बारा व्होल्टच्या बाजूला नाही. इन्व्हर्टर व्होल्टेज साडेदहाच्या आसपास गेला की पीं-पीं करून बंद होतो. तो आवाज ऐकल्यावर इन्व्हर्टरला शिव्या घालू नका, तो तुमची बॅटरी वाचवतोय.

मोठ्या बसची गाडी केली असेल तर आधी बघा, ती २४ व्होल्टची असते. दोन बॅटऱ्यांतल्या एकीवरून १२ व्होल्ट काढायचा मोह होतो. तसं केलं तर एक बॅटरी सारखी रिकामी आणि दुसरी सारखी जास्त चार्ज, वर्षात दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच घ्या.

टीव्ही चालू, चित्र नाही

डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. कोल्हापुरातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून मोजलं तर सुमारे १२९ अंशांवर आणि जमिनीपासून साधारण ६० अंश वर. म्हणजे बराच उंच. त्यामुळं डोंगर सहसा आड येत नाही. आड येतं ते झाड. सावली बघून आंब्याखाली गाडी लावायची आणि मग डिश फिरवत बसायचं, हे मी राधानगरीला डोळ्यांनी बघितलंय. डिशचा चेहरा ६० अंशांवर दिसणार नाही, तो बराच उभा दिसेल, कारण ती तिरकी डिश असते. मागच्या आकड्यांच्या पट्टीवर जा. जोरदार पावसात सिग्नल जातो, त्याला इलाज नाही, भजी करा.

स्टँड

वर सांगितलेलं सगळं नीट केलं आणि स्टँड लटपटीत ठेवला तर सहा महिन्यांत पुन्हा पहिलं पान. हलणारा टीव्ही आपली पिन आपणच ढिली करतो.

गाडीचा पत्रा कागदासारखा. त्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारून टीव्ही टांगला तर पहिल्या घाटात भोक मोठं होतं आणि दुसऱ्या घाटात टीव्ही बेडवर. गाडीच्या बरगडीला, म्हणजे आतल्या जाड पट्टीला, पकडा. ती सापडत नसेल तर मागं १२ किंवा १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा मोठा तुकडा लावा, म्हणजे वजन पसरतं. आरपार बोल्ट, मोठा वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला). साधा नट थरथरीनं सुटतो. पाचशे किलोमीटर झाले की पाना घेऊन एकदा सगळे नट बघा.

टीव्हीच्या मागं चार भोकं असतात, चौकोनी, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर. स्टँड त्याच मापाचा घ्या. छोट्या टीव्हीला स्क्रू बहुधा एम-४ चे लागतात, किती लांबीचे ते माहितीपुस्तकात असतं. लांब स्क्रू आवळून एकानं माझ्यादेखत आतल्या बोर्डाला भोक पाडलं. बसत नाही म्हणून जोर लावायचा नाही.

दोन-तीन सांध्यांचा लांब हात दिसायला झकास, पण चालत्या गाडीत त्याला घडी घालून कुलूप लावता आलं पाहिजे. तशी सोय नसेल तर पट्टा बांधा. करूळ घाट उतरताना तीन किलोचा टीव्ही हाताच्या टोकावर कसा नाचतो ते मागं बसून एकदा बघाच. आणि पडदा ड्रायव्हरला दिसेल अशा जागी टीव्ही लावू नका, उलट्या आरशातनंसुद्धा.

नवा घ्यायचाच असेल तर

आधी व्होल्टेजचं लेबल, मग आकार. दुकानात लोक उलटं करतात. इको-ओम्नीला १९ इंच, ट्रॅव्हलरला २४. चोवीस इंचाचा पडदा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० उंच असतो. पुठ्ठा कापून जागेवर धरून बघा, दार उघडतंय का, डोकं आपटतंय का. बत्तीस इंचाचा, ७१ सेंटिमीटर रुंद पडदा गाडीत हौसेनं घेतात आणि तीन फुटांवरून बघून मान धरून बसतात. बेडवर आडवं पडून, बाजूनं बघणार असाल तर आयपीएस पडद्याचा घ्या, बाजूनं बघितलं तरी रंग फिके पडत नाहीत. दुकानात बाजूला उभं राहून, खाली वाकून बघा, लोक हसले तरी हसू देत. अॅप टीव्हीतच पाहिजेत असं नाही. एचडीएमआयला छोटी स्ट्रीमिंगची काडी (स्टिक) लावली तर तेच होतं, आणि ती जुनी झाली की काडी बदलायची, टीव्ही नाही.

इथं हात काढून घ्या

जळका वास आला, वायर हाताला गरम लागली, किंवा नवा फ्यूज लगेच उडाला: बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि वायरमन बोलवा. तिसरा फ्यूज घालून बघायचा नाही.

गाडी चालू असताना व्होल्टेज १५ च्या वर जातोय: अल्टरनेटरवाल्याकडे. टीव्ही सोडा, गाडीचं सगळं जाईल.

बॅटरी फुगलीय, किंवा लिथियमची आहे आणि तिच्या जोडांशी काही करायचंय: ज्यानं बसवली त्यालाच.

टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो.

बाहेरून २३० व्होल्टची वायर गाडीत घेणार असाल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन. पत्र्याच्या डब्यात चुकलेलं अर्थिंग म्हणजे अख्खी गाडी करंट मारते.

भोक पाडायच्या आधी त्या पत्र्याच्या मागं काय आहे माहीत नसेल, तर ड्रिल खाली ठेवा. छताच्या कडेला काही गाड्यांत एअरबॅग असते, खांबांतून वायरिंग जातं, खाली डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असतात. एका गाडीत टीव्हीसाठी मारलेलं भोक थेट मागच्या दिव्यांच्या वायरिंगमधून गेलं होतं. मालक तक्रार घेऊन आला ती टीव्हीची नव्हती. "ब्रेक मारला की टीव्ही लागतोय, मामा," असं म्हणाला.